तुटका धोटा

बँडचं नाव तुटका धोटा.
पोस्टर छापणाऱ्यानं ‘तुटका धोका’ छापलं,
पैसे संपले होते, तसंच चिकटवलं.

साखर पेठेत, म्याकलांच्या बंद कारखान्यात
चार माग भंगारात गेलेले, दोन उरलेले,
त्यांच्या मधल्या फटीत माझे ड्रम.
ड्रम म्हणजे एक खरा,
बाकी रंगाचे डबे आणि बॉबिनचं पिंप.
ताल मला कुणी शिकवला नाही.
नऊ वर्षांचा असल्यापासून
रात्रपाळीच्या भिंतीला डोकं लावून झोपलोय.
खट्-खटाक् खट्-खटाक्,
थांबलं की जाग यायची.

गजेंद्र रणखांबे हलगी घेऊन आला
तेव्हा आमचा गिटारवाला शिवयोगी म्हणाला,
ही लग्नात वाजवतात ना बे?
मयताला पण, गज्या म्हणाला,
आणि अशी कडाडवली
की मागावरची सहा वर्षांची पिंजर
आमच्या केसांत येऊन बसली.

तीन कॉर्डवर सगळी गाणी.
शिवयोगीला चौथी येत होती,
पण लाजेनं सांगायचा नाही.

राजमणी म्याकल गायची म्हणणं चूक आहे.
ती तेलुगूत ओरडायला लागायची, मराठीत संपवायची,
मधे लागेल तशी कानडी शिवी.
तिचं गाणं होतं ‘छाट’ :
हजार वळल्या, दीडशे छाट,
छाटलेल्या ओढतंय कोण? बोल की ताठ!
चाल तिच्या आईची.
पानं भिजत घालताना ती गुणगुणायची,
आम्ही फक्त तिप्पट पळवली.
आई ऐकून म्हणाली,
एवढी घाई असती मला
तर रोजच्या दोन हजार वळल्या असत्या.

गड्डा उठल्यावर दुसऱ्या आठवड्यात
विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीखाली कार्यक्रम.
थंडीनं हलगी ढिली पडलेली,
शेकायला जाळ पाहिजे.
उरलेली पोस्टरं पेटवली,
‘धोका’ आधी जळाला.
गज्या कातडं जाळावर फिरवत बसला,
बोटानं टिचकी मारून ऐकायचा,
अजून नाही म्हणायचा,
आणि पन्नास-साठ माणसं
चहा ठेवल्यासारखी वाट बघत उभी.

सुरू केलं, दुसऱ्याच ओळीला लाईट गेली.
गिटार मेली. माईक मेला.
राजमणीचा गळा तर सकाळीच बसला होता.
काय करालाव बे आता, शिवयोगी अंधारात म्हणाला.

तेवढ्यात तिची आई ओट्यावरून गायला लागली.
तिच्या चालीत. तिच्या वेगानं.
मी काठी उचलली आणि मला सम सापडेना.
एवढं हळू मागाला चालताच येत नाही.
दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा हात खाली ठेवला.

मग कात्री ऐकू आली.
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कापतात तशी,
कच्... कच्... थांबून कच्.
शेजारच्या ओट्यावर दुसरी.
बाया रात्रीही सूप मांडीवर घेऊनच आल्या होत्या,
सकाळी हजार पुरे करायचे म्हणून.
अख्ख्या गल्लीत कात्र्या.
गज्यानं हलगी जवळजवळ कुरवाळली.
मी पिंपावर नुसती बोटं.
शिवयोगीच्या मेल्या तारा चिरचिरत होत्या
आणि त्यात मला चौथी कॉर्ड ऐकू आली.
नंतर विचारलं तर नाही म्हणाला.

लाईट आली तेव्हा अँप किंचाळला,
मागून कुणीतरी ओरडलं,
बंद कर बे ती लाईट!

दुसऱ्या दिवशी आईची छाट निघाली दोनशे दहा.
कारकून कधी नव्हे ते मान वर करून म्हणाला,
रात्री ऐकलं मी.
चाल बरी होती.